सभाधीटपणाची शाळा



व्याख्यानमालेत उभे राहून व्याख्यान देण्याविषयीच बोलावे, हे काहींना घरच्याच अंगणात फेऱ्या मारल्यासारखे वाटेल. परंतु आपण दर वसंतात येथे जमतो ते ज्या परंपरेमुळे, त्या परंपरेचा उगमच मुळी या प्रश्नात आहे : चारचौघांत उभे राहून बोलण्याचे धैर्य माणसाच्या अंगी कसे येते? प्रश्न जुना आहे. त्याला अलीकडे एक अगदी नवे उत्तर पुढे आले आहे. डोळ्यांवर एक जाड, बंदिस्त चष्मा चढवावयाचा. त्यात भरलेले सभागृह दिसते. मान वळवावी तिकडे श्रोते बसलेले. कोणी लक्ष देऊन ऐकतो आहे, कोणी जांभई देतो आहे, कोणी मनगटावरचे घड्याळ पाहतो आहे. हे सारे चित्र असते. त्या खोट्या सभेपुढे खरे भाषण करावयाचे, आणि तेथे भीड चेपली की मग खऱ्या सभेत जावयाचे. या साधनाला इंग्रजीत ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ म्हणतात. आपण त्याला ‘आभासी वास्तव’ म्हणू.

हे नवे साधन कितपत खरे, त्याने काय साधते आणि काय साधत नाही, याचा विचार मी आज इतिहासाच्या अंगाने करणार आहे. कारण साधन नवे असले तरी त्यामागची युक्ती नवी नाही. खऱ्या सभेआधी एखादी सोपी, निर्धोक सभा उभी करावी आणि तिच्यात बोलणाऱ्याला तयार करावे, ही युक्ती माणसाने पुष्कळ काळापासून वापरली आहे. आपल्या महाराष्ट्राने तर तिच्यासाठी संस्थाच काढल्या.

प्राचीन ग्रीसमधील डिमॉस्थेनिसची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तो तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव करी, चढण चढताना भाषणे म्हणे, मोठ्या आरशासमोर उभा राहून हातवारे तपासून पाही, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. लाटांच्या आवाजावर आपला आवाज चढविण्यासाठी तो समुद्रकिनारी जाई, असेही परंपरा सांगते. त्यातील सांगोवांगीचा भाग सोडला तरी युक्ती ध्यानात येते. लाटांचा कल्लोळ म्हणजे गजबजलेली लोकसभा आणि आरसा म्हणजे श्रोत्याचा डोळा. खरा श्रोता हजर नाही, पण त्याची अडचण मात्र हजर आहे.

आपल्याकडे ही शाळा कीर्तनात होती. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात. सभेकडे तोंड करून उभे राहण्याचा, शेकडो डोळे आपल्याकडे लागले असता गळा मोकळा ठेवण्याचा त्यांचा सराव वर्षानुवर्षे चालतो. एकट्याला काहीच बोलावे लागत नाही. चुकले तरी चूक टाळांच्या आवाजात बुडून जाते. पुढे एखादा अभंग म्हणावयास मिळतो, मग थोडे निरूपण, आणि मग केव्हा तरी तो नारदाच्या गादीवर उभा राहतो. पायरीपायरीने पुढे सरकण्याची ही रीत कोणा मानसशास्त्रज्ञाने आखून दिलेली नव्हती. अनुभवाने ती तशी घडत गेली.

एकोणिसाव्या शतकात मात्र वेगळ्या प्रकारच्या बोलण्याची गरज उत्पन्न झाली. देवाच्या दारात कथा सांगणे निराळे आणि सरकारचा कर, मुलींची शाळा किंवा पाटबंधाऱ्यांचे पाणी यांविषयी स्वतःचे मत मांडणे निराळे. पहिल्यात वक्त्याच्या पाठीशी संतांचा अधिकार असतो. दुसऱ्यात तो एकटा असतो. हे नवे बोलणे शिकविण्यासाठी नव्या सभा लागल्या. 1848 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये विद्यार्थ्यांची एक साहित्य व विज्ञान सभा स्थापन झाली. तिच्या देशी भाषांतील शाखाही निघाल्या. मराठी शाखा म्हणजे ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’, जिच्याशी दादोबा पांडुरंगांचे नाव जोडलेले आहे. रीत अशी की सभासदाने घरून निबंध लिहून आणावा, तो मंडळीत वाचावा आणि मग त्यावर चर्चा व्हावी. हातात कागद असला की धीर येतो, हे त्यांनी जाणले होते. या मंडळींनी नुसते निबंधच वाचले असे नाही. पुढच्याच वर्षी, 1849 साली, त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. सभेत आपसांत बोलून आलेले धैर्य सभेबाहेर कामाला आले.

यानंतरची पायरी पुण्यात पडली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1871 साली न्यायखात्याच्या नोकरीत पुण्यास आले. त्याआधी एकच वर्ष तेथे सार्वजनिक सभा निघाली होती. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडावयाची तर मांडणारी माणसे हवीत, आणि ती तयार करावयाची तर त्यांना बोलावयास जागा हवी. रानडे आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. जी संस्था ती चालविते, तिचे नाव ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’. या नावाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. ‘ज्ञानप्रसारक’ किंवा ‘लोकशिक्षण’ असे नाव देता आले असते. परंतु त्यांनी ‘वक्तृत्वाला उत्तेजन देणारी’ असे नाव पसंत केले. श्रोत्याला चार गोष्टी कळाव्यात हा हेतू होताच. पण बोलणारा घडावा, हाही हेतू त्या नावात स्पष्ट लिहिलेला आहे. महाराष्ट्रभर गावोगाव ज्या वसंत व्याख्यानमाला निघाल्या, आणि ज्यांत आजची आपली सभाही मोडते, त्यांचे मूळ घराणे हे असे आहे.

पुढे 1893 पासून गणेशोत्सव सार्वजनिक झाला. त्यात मेळे आले, व्याख्याने आली, आणि आळीतल्या मंडपात आळीतल्याच लोकांपुढे बोलण्याची संधी पोरासोरांना मिळू लागली. सत्यशोधक जलशांनी हीच गोष्ट खेड्यापाड्यांत, ज्यांना शाळेची पायरी दुर्मिळ होती अशा लोकांत केली. आपल्याच जिल्ह्यातील गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे विद्यार्थिदशेत बडोद्याला होते. तेथे त्यांनी मित्रांसमवेत 1914 साली एक विद्यार्थी मंडळ काढले. त्यात ही मुले अभ्यास करीत, चर्चा करीत आणि एकमेकांपुढे भाषणे देत. पुढे भूदानासाठी हजारो गावांतून बोललेल्या माणसाची पहिली सभा दहापंधरा मित्रांची होती.

आतापर्यंत मी संस्था सांगितल्या. आता दोन माणसांची उदाहरणे घेऊ, कारण भीती संस्थेला वाटत नाही, माणसाला वाटते.

पहिले उदाहरण रमाबाई रानडे यांचे. 1873 साली लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना घरी शिकविले. पण त्या शिकू लागल्या तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांची बोलणी त्यांना खावी लागली. इंग्रजी शिकणे तर फारच झोंबले. रमाबाईंनी 1910 साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात हे सर्व आले आहे. त्यांचा पहिला जाहीर प्रसंग नाशिकच्या हायस्कुलात आला आणि त्यासाठीचे भाषण न्यायमूर्तींनी लिहून दिले. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर ते दुसऱ्याचे बोलणे झाले असते. परंतु पुढे पंडिता रमाबाई 1882 साली पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज निघाला. केवळ स्त्रियांच्या त्या बैठकींत रमाबाई रानडे जाऊ लागल्या. तेथे हसणारे पुरुष नव्हते आणि टोमणे मारणारी घरची मंडळीही नव्हती. लिहून दिलेले भाषण, मग बायकांची बैठक, मग जाहीर सभा, असा हा प्रवास झाला. 1904 साली मुंबईत भारत महिला परिषद भरली तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी रमाबाई होत्या, आणि 1909 साली पुण्याचे सेवासदन त्यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले.

दुसरे उदाहरण महात्मा गांधींचे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि त्यांना एक शब्द सुचेना. डोके गरगरले, कोर्टही फिरते आहे असे वाटले. ते खाली बसले, घेतलेली फी परत केली आणि कोर्टातून निघून गेले. पुढे 1893 साली प्रिटोरियात तेथील हिंदी व्यापाऱ्यांच्या एका घरगुती बैठकीत ते व्यापारातील खरेपणाविषयी बोलले, आणि हे आपल्या आयुष्यातले पहिले जाहीर भाषण, असे त्यांनी आत्मकथेत नोंदविले आहे. श्रोते थोडे होते, ओळखीच्या मुलखातले होते आणि विषय कळकळीचा होता. येथे गोष्ट संपवावी असा मोह होतो, पण ती संपत नाही. 1896 साली तेच गांधी मुंबईत मोठ्या सभागृहात उभे राहिले तेव्हा पुन्हा थरथर सुटली. आवाज शेवटपर्यंत पोहोचेना, आणि लिहून आणलेले भाषण अखेर दिनशा वाच्छांनी वाचून दाखविले. लहान खोलीतले धैर्य मोठ्या सभागृहात आपोआप चालून येत नाही. तेथे पुन्हा थोडा सराव लागतो. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता या सर्व अनुभवांकडे शास्त्राने कसे पाहिले ते थोडक्यात सांगतो. सभेपुढे उभे राहिले की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहाताला घाम येतो. संकट दिसले की शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते, त्याची ही लक्षणे. सभेत पळावयाचेही नसते आणि लढावयाचेही नसते, म्हणून ती तयारी नुसती अंगात घुमत राहते. अशा वेळी माणूस बोलणे टाळतो. टाळले की तात्काळ बरे वाटते. आणि बरे वाटते म्हणूनच पुढच्या वेळी टाळण्याची ओढ अधिक होते. भीती अशी पोसली जाते. तिच्यावर उपाय म्हणजे थोड्या थोड्या मात्रेने तिला सामोरे जाणे. डॉ. जोसेफ वोल्पे यांनी 1958 साली या उपायाची पद्धतशीर मांडणी ग्रंथरूपाने केली : शरीर सैल सोडावे, भीतीच्या प्रसंगांची सोप्यापासून अवघडापर्यंत एक शिडी करावी आणि कल्पनेत एकेक पायरी चढावी. 1966 साली अमेरिकेतील गॉर्डन पॉल यांनी भाषणाची भीती वाटणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरच हा उपाय पारखून पाहिला. भीतीचे मूळ शोधीत बसणाऱ्या उपचारापेक्षा ही शिडी अधिक गुणकारी ठरली.

परंतु कल्पनेची एक अडचण आहे. ज्याला घाबरावयाचे तो प्रसंग काही जणांना डोळ्यांसमोर उभाच करता येत नाही, आणि काही जण तो उभा करून लगेच मिटवूनही टाकतात. उलट प्रत्येक वेळी खरी सभा जमविणे खर्चाचे आणि दगदगीचे काम. या दोहोंच्या मध्ये आभासी वास्तव येऊन उभे राहिले.

1968 साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्याला लावावयाचे पहिले असे यंत्र दाखविले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे, आणि त्यात साध्या रेघांच्या आकृती दिसत. तत्त्व मात्र आजचेच होते. दोन डोळ्यांना किंचित निरनिराळी दोन चित्रे दाखवावयाची म्हणजे मेंदू त्यातून खोली उभी करतो; आणि मान वळली की तिचे माप घेऊन चित्रही त्याच क्षणी वळवावयाचे. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. सिनेमाचा पडदा आपण मान फिरविली तरी जागच्या जागी राहतो, म्हणून आपण बाहेर राहतो. चष्म्यातील सभागृह आपल्या मानेबरोबर फिरते, म्हणून आपण आत असतो. 1995 साली अमेरिकेत अटलांटा येथे उंचीच्या भीतीवर या साधनाचा प्रयोग झाला, आणि 1998 साली त्याच नगरातून भाषणाच्या भीतीवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. 2014 साली पुठ्ठ्याच्या खोक्यात खिशातला मोबाइल फोन बसवून असा चष्मा करण्याची युक्ती निघाली, तेव्हा ही वस्तू प्रयोगशाळेतून शाळेच्या वर्गापर्यंत येण्यास वाट झाली.

आपण विचाराल : समोर चित्र आहे हे ठाऊक असताना भीती कशी वाटेल? हाच प्रश्न लंडन येथील मेल स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यांनी तीन प्रकारच्या चित्रसभा केल्या : एक उदासीन, एक कौतुकाने ऐकणारी आणि एक तुच्छतेने वागणारी. 2002 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. तुच्छतेने वागणाऱ्या सभेपुढे बोलताना, एरवी धीट असलेली माणसेसुद्धा अस्वस्थ झाली. बुद्धीला ठाऊक असते की समोर कोणी नाही. पण छातीला ते ठाऊक नसते. आणि छातीला ठाऊक नसते म्हणूनच सराव होतो. 2013 साली अमेरिकेत पेज अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 97 जणांवर केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. काहींना चष्म्यातील सभेपुढे बोलविले, काहींना खऱ्या माणसांच्या गटापुढे, आणि काहींना नुसते थांबवून ठेवले. थांबलेल्यांपेक्षा दोन्ही गट सुधारले, आणि त्या दोन गटांत फारसा फरक आढळला नाही. वर्षभरानंतरही सुधारणा टिकून होती. 2019 साली स्वीडनमधील पाहणीत बाजारात मिळणारी साधी उपकरणे वापरूनही गुण आला. मात्र त्या उपचाराला एक शेपूट जोडलेले होते. चष्म्याचा सराव झाल्यावर लोकांना खऱ्या प्रसंगांत जाऊन बोलण्याचा क्रम आखून दिला होता. गांधींच्या मुंबईतील सभेची येथे आठवण होते. लहान खोलीतून मोठ्या सभागृहात जाण्याची पायरी वगळता येत नाही.

आपण घाटाखालचे लोक आहोत, म्हणून घाटाचाच दाखला देतो. बोरघाटाचा चढ 37 फुटांना एक फूट असा आहे. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. ती गाडी रेटीत पळसदरी, जामरुंग, ठाकुरवाडी, मंकी हिल अशी वर नेतात, आणि चढ संपला की सुटी होतात. पुण्यापर्यंत ती बरोबर जात नाहीत. चष्म्याचे काम या मागच्या इंजिनासारखे आहे. चढावर त्याचा आधार घ्यावा. सपाटीवर गाडीने आपल्या बळावर धावावे.

ठाकुरवाडीचे नाव आले तसा मी आज ज्यासाठी हा विषय घेतला त्या गोष्टीकडे वळतो. घाटातल्या त्या ठाण्याचे नाव आपण गाडीतून वाचतो. पण कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी या नावाची वस्ती एक नाही, अनेक आहेत. डोंगराच्या उतारावर, गावापासून थोड्या अंतरावर वसलेल्या या ठाकर समाजाच्या वाड्या. त्यांच्या शेजारी कातकऱ्यांच्या वाड्या. या लोकांना बोलता येत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. लग्नात, सणात, फेर धरून नाचताना ठाकर बायका रात्र रात्र गातात, आणि गाण्यात जागच्या जागी नवा शब्द घालतात. समुदायापुढे तोंड उघडण्याची भीती त्यांना वाडीत वाटत नाही. ती वाटते कचेरीत, बँकेत, दवाखान्यात आणि ग्रामसभेत.

पूर्वी या समाजाच्या वतीने दुसरे बोलत. सावकार बोले, पाटील बोले. चांगल्या काळात भाई कोतवालांसारखा माथेरानचा वकील उभा राहिला. गरीब शेतकऱ्यांची आणि आदिवासींची बाजू त्याने घेतली, आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर प्राण दिला. त्याचे ऋण मोठे आहे. पण दुसऱ्याने आपल्या वतीने बोलणे आणि आपण बोलणे यांत अंतर राहतेच. रमाबाईंना लिहून दिलेल्या भाषणात आणि परिषदेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात जेवढे अंतर होते तेवढे.

आज कायद्याने त्यांच्या स्वतःच्या बोलण्यावर पुष्कळ काही टांगलेले आहे. 1993 पासून पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या आणि 2011 साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. 2006 च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीचा दावा प्रथम ग्रामसभेपुढे ठेवावयाचा असतो, आणि वनहक्क समितीत स्त्रिया असाव्या लागतात. जमीन कोणत्या वर्षापासून कसतो, बांध कोठे, आजा कोणते झाड दाखवी, हे उभे राहून सांगावे लागते. आणि वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेले तेथे पुरावा म्हणून नोंदले जाते. ज्याला ते सांगता येत नाही त्याचा दावा कच्चा राहू शकतो. सभाकंप ही शहरातल्या नोकरदाराला वाटणारी एक गैरसोय असेल. वाडीवर तिची किंमत दोन एकर जमीन असू शकते.

मग ठाकुरवाडीच्या शाळेत पुठ्ठ्याचा एक चष्मा पोहोचवावा काय? मी म्हणेन, अवश्य पोहोचवावा. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवून.

पहिली गोष्ट अशी की त्या चष्म्यातील सभा आपली असली पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या अशा सभा बहुधा कंपन्यांच्या बैठकीच्या किंवा महाविद्यालयांच्या सभागृहांच्या असतात. वाडीतल्या मुलीला त्या सभेची भीती वाटावयाचे कारणच नाही, कारण तिला तेथे जावयाचे नाही. तिची शिडी निराळी आहे. पहिली पायरी शाळेच्या ओट्यावर बसलेल्या पाच बाया. दुसरी ग्रामपंचायतीची खोली, खुर्चीवर सरपंच, टेबलाशी ग्रामसेवक. तिसरी भरलेली ग्रामसभा, दारात उभे राहून हसणारी दोन पोरे आणि मागून ‘बस खाली’ म्हणणारा एक आवाज. चांगला कॅमेरा आणि गावातलेच चार हौशी नट मिळाले तर अशी सभा चित्रित करणे आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयाला अशक्य नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भीती दोन प्रकारची असते. एक शरीराची, जी कारण नसताना वाटते. तिच्यावर सराव हे औषध आहे, मग तो आरशापुढे करा, टाळकऱ्यांत उभे राहून करा की चष्म्यात करा. दुसरी भीती सकारण असते. आपली बोली ऐकून लोक हसतील, बोललो तर उद्या काम मिळणार नाही, साहेब तोंडावर दार लावील, ही भीती भ्रम नव्हे. तो अनुभव आहे. रमाबाईंना घरच्या टोमण्यांची वाटलेली भीती या जातीची होती. तिच्यावर बोलणाऱ्याने कितीही सराव केला तरी तो पुरत नाही, कारण तो दोष बोलणाऱ्यात नसून ऐकणाऱ्यांत आहे. यंत्र वक्त्याला धीट करील. ते श्रोत्याला सभ्य करू शकत नाही.

आपल्या पूर्वजांच्या संस्था यंत्राहून सरस होत्या त्या येथे. ज्ञानप्रसारक सभेत आज निबंध वाचणारा उद्या ऐकावयास बसे. आर्य महिला समाजात बोलणारी आणि ऐकणारी यांची जागा सारखी बदलत असे. त्यामुळे वक्ते तयार होत होते आणि त्याच वेळी श्रोतेही. अडखळणाऱ्याला थांबून घेणे, उच्चारावरून न हसणे, मत पटले नाही तरी वाक्य पुरे होऊ देणे, या सवयी अशा सभांतूनच लागल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र ग्रामसभा घेण्याची तरतूद आहे. पुष्कळ ठिकाणी ती कागदोपत्री उरकतात. वास्तविक ती सरावाची सभा म्हणून कायद्यानेच दिलेली आहे; खर्च नाही, वीज नाही, चष्मा नाही. ती मनापासून भरविली तर जे काम 1882 साली पुण्यातल्या एका बैठकीने केले ते आपल्या प्रत्येक वाडीवर होऊ शकेल. तिच्या जोडीला चष्मा असला तर दुधात साखर.

श्रोतेहो, शहरातल्या आपणा लोकांवर यात एक काम येऊन पडते. वाडीवरचा माणूस तालुक्याला येतो तेव्हा त्याच्यापुढची सभा म्हणजे आपणच असतो : कचेरीतला कारकून, बँकेतला खजिनदार, दुकानदार, शिक्षक, डॉक्टर. त्याची दुसऱ्या प्रकारची भीती घालविणे आपल्या हाती आहे. आणि या व्याख्यानमालेपुरते बोलावयाचे तर एक सूचना करून मी रजा घेतो. आपण दरवर्षी बाहेरगावचे नामांकित वक्ते बोलावितो. ते योग्यच आहे. पण वक्तृत्वाला उत्तेजन देणे हे ज्या परंपरेचे नाव, तिने नामांकितांनाच बोलवावे हे पुरेसे नाही. पुढच्या वसंतापासून दररोज मुख्य व्याख्यानापूर्वी पंधरा मिनिटे, पूर्वी कधीही जाहीर सभेत न बोललेल्या एका माणसासाठी राखून ठेवावीत. त्यांतले निदान दोन दिवस वाड्यांवरच्या स्त्रीपुरुषांचे असावेत. त्यांनी आपल्या बोलीत, आपल्या विषयावर बोलावे, आणि आपण सर्वांनी वेळेवर येऊन पुढच्या रांगा भराव्यात.